अकोल्याचा पत्ता

मला कुष्ठरोग झाला होता. एवढं एक वाक्य लिहायला मी तीन दिवस घेतले. मधल्या वेळात मेथीचे दोन वाफे निंदून झाले, पंपाचा व्हॉल्व्ह बदलून झाला, बायकोशी विनाकारण भांडून झालं. आता लिहिलंच आहे तर पुढचंही सांगून टाकतो.

मी दिनकर. तिवस्याजवळच्या एका गावात आमची ओलिताची जमीन आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि कडेला झेंडू. बाप हेच करायचा, मीही हेच करतो. मधे अमरावतीला जाऊन बी.ए. झालो, त्याचा वांग्यांना काही फरक पडला नाही. घरात बायको शोभा आणि मुलगी प्राची. प्राची नर्स आहे. अमरावतीत नोकरी करते आणि संध्याकाळी राजापेठेत इटालियन भाषेच्या क्लासला जाते. तिकडे म्हणे नर्सेस कमी पडून राहिल्या आहेत.

हे मी नव्या पेशंटसाठी लिहितो आहे. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमी बोलता बरं, तसंच लिवून द्या." मी बोलतो बरं हे खरं. फक्त जे बोलायला हवं होतं ते वर्षभर बोललो नाही.

लोखंडी हात

आमच्या वऱ्हाडात शेतातल्या जेवणाला रोडगे लागतात. कणकेचे थरावर थर देऊन गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. वर वांग्याची भाजी आणि तुपाची धार. भाजणं कोणालाही जमतं. निखाऱ्यातून रोडगे काढणं जमत नाही. लोक चिमटा घेतात, ओलं पोतं घेतात आणि तरी "हाय हाय" करतात.

मी नुसत्या हातानं काढायचो.

दोन-तीन वर्षांपासून मला ते जमायला लागलं होतं. पंचक्रोशीत नाव झालं. कौंडण्यपूरकडच्या एका नवसाच्या जेवणात तर मी पाच पायल्यांचे रोडगे एकट्यानं उपसले आणि लोक भोवती उभे राहून बघत होते. "दिनकरभाऊचे हात लोखंडाचे हायेत बावा!" कोणी म्हणालं, हनुमंताची कृपा आहे. मी मिशीत हसलो. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं. एवढा मोठा मूर्ख माणूस तुम्हाला तिवसा तालुक्यात सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी प्राची घरी आली होती. मी चहाचा कप उचलला, तशी तिनं माझा हात धरला. तळहातावर हा एवढा फोड.

"बाबा, हे केव्हा झालं?"

"काय केव्हा झालं?"

मला तो फोड दिसला नव्हता. म्हणजे दिसला असेल, पण दुखत नव्हता, म्हणून बघितला नव्हता. तिनं मला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "मी पेनाचं टोक हाताले लावून राहिली. जिथं लागन तिथं बोट ठेवा."

मी डोळे मिटून बसलो. वाट पाहिली. म्हटलं, "अवं, लाव ना आता. किती वेळ बसू?"

मी डोळे उघडले तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या करंगळीकडच्या बाजूला निळ्या शाईचे सहा ठिपके होते.

चामडीचा विभाग

अमरावतीला सरकारी दवाखाना आहे. घरापासून तासाभरात पोचता येतं. मी म्हटलं, तिथं नाही. तिथं अर्ध्या गावाची येजा असते. कोणी ना कोणी विचारेल, "दिनकरभाऊ, इकडं कसे?" प्राचीनं आठवडाभर वाद घातला आणि शेवटी हार मानली. आम्ही अकोल्याला गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई प्राचीपेक्षा पाचेक वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी शर्ट काढायला लावला. पाठीवर फिकट चट्टे होते, मी ते कधी मनावर घेतले नव्हते. शोभा म्हणायची, सुरमा आहे, म्हणजे शिबं, मोहरीचं तेल लावा. मग त्यांनी कोपराच्या आतली नस चाचपली. ती दोरीएवढी जाड झाली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, हा कुष्ठरोग आहे. बरा होतो. बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतील."

"पण मले तं कुठंच दुखत नाही," मी म्हटलं.

"तेच तर लक्षण आहे."

मला राग आला. खरंच सांगतो, भीती नंतर आली, आधी राग आला. ताप येतो, खोकला येतो, पोटात कळ येते, त्याला आजार म्हणतात. मी रोज दोन क्विंटल माल उचलतो, भाकरी चार खातो, अंग दुखत नाही, आणि ही पोरगी मला रोगी म्हणते!

मग कौंडण्यपूरची जत्रा आठवली. नदीच्या वाटेवर बोटं झडलेली माणसं ओळीनं बसायची. मी लहान होतो तेव्हा माय त्यांच्या फडक्यावर वरून पैसे टाकायची, हात लांब करून, आणि मला म्हणायची, "दुरून चाल." मोठा झाल्यावर मीही वरूनच टाकायचो. तिथल्या एकाही माणसाच्या तोंडाकडे मी आयुष्यात कधी पाहिलं नाही. दवाखान्याच्या त्या स्टुलावर, अंगात शर्ट नसताना, मला ते सगळे आठवले आणि मी रडलो. प्राची पाठीवर हात फिरवत होती, तो हातही चट्ट्यांवरून जाताना मला नीट कळत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "काका, तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक रोग. तो जंतूंचा, तो गोळ्यांनी जातो. दुसरी, रोगानं केलेली मोडतोड. तुमच्या नसेची, बोटांची. ती थोडी भरते, थोडी राहते. आणि तिसरं म्हणजे लोक काय समजतात ते. माझ्याजवळ गोळ्या फक्त पहिल्यासाठी आहेत."

कार्डावर लिहिण्यासाठी त्यांनी पत्ता विचारला. मी अकोल्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा पत्ता दिला. प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पाकिटं

नव्या पेशंटसाठी सांगतो: पहिल्या दिवसाच्या गोळ्यांनी लघवी लाल होते. मला हे सांगितलं होतं, तरी शेतातल्या बांधावर मी असा दचकलो की चप्पल तिथंच राहिली. नंतर अंग काळपट पडायला लागतं. शोभा म्हणायची, "उन्हात टोपी घालत जा, काळे ठिक्कर पडून राहिले तुमी." मी "हो हो" म्हणायचो.

गोळ्यांची पाकिटं मी शेतातल्या खोलीत, बियाण्याच्या डब्यात ठेवायचो. दर महिन्याला अकोल्याला जायचो. शोभाला सांगायचो, बियाणं पाहायला जाऊन राहिलो. बारा महिन्यांत माणूस किती बियाणं पाहील? पण सुचलंच नाही दुसरं काही.

आणि मी माझं ताट वेगळं केलं. कोणी सांगितलं नव्हतं. उलट डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं की गोळ्या सुरू झाल्या की माझ्यापासून कोणाला धोका नाही. तरी मी माझं ताट, माझा पाण्याचा गडवा बाजूला ठेवला, माझं मी घासायला लागलो. अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं, म्हटलं गर्मी होते. डिसेंबर होता. शोभा माझ्याकडे पाहायची आणि काही बोलायची नाही. आमच्या घरात शोभा बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

चौथ्या महिन्यात कोपरापासून करंगळीपर्यंत अशा कळा सुटल्या की मी भरदुपारी बांधावर लोळलो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. मी मनाशी हिशेब मांडला: गोळ्या घेत नव्हतो तेव्हा दुखत नव्हतं, गोळ्या सुरू झाल्या आणि दुखायला लागलं. म्हणजे बिमारी गोळ्यांनीच आणली! मी गोळ्या बंद केल्या. दहा दिवस.

अकराव्या दिवशी प्राची शेतात आली, डबा उघडला, पाकिटं मोजली. एवढी शांत पोरगी, पण त्या दिवशी तिनं मला असं झापलं की शेजारच्या शेतातली मजूर बाई काम सोडून उभी राहिली.

"नस सुजली म्हणून दुखून राहिलं, बाबा! रोगाशी लढाई चालू हाये आतमधी! कळ आल्या दिवशीच दवाखान्यात जाले पायजे होतं. या दहा दिवसाची किंमत तुमच्या बोटायनं भरली!"

तेच खरं होतं. सूज उतरवायच्या गोळ्या मिळाल्या, कळा थांबल्या, बाकीची बोटं वाचली. ती दोन मात्र वळलेलीच राहिली. कोणी वाचत असेल तर हात जोडून सांगतो, औषध चालू असताना दुखायला लागलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. माझ्यासारखं डोकं चालवू नका.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना मोटारसायकलवर मागं बसून प्राची सांगत होती. इटालियन भाषेत आजाराला मलात्तीया म्हणतात. आणि तिकडचा नोकरदार माणूस आजारपणाच्या रजेवर असला की "मी मलात्तीयात आहे" असं म्हणतो. जसं आपण म्हणू, मी अकोल्यात आहे. त्याचे साहेब, शेजारी सगळे समजून घेतात की गडी तिकडे गेलेला आहे, काम झालं की येईल परत. मी विचारलं, "आन् परत आल्यावर कोणी त्याच्या हातचं पाणी पितात का?" ती म्हणाली, "बाबा, थ्या भाषेत हे विचारतच नाहीत." असेल. पण मी ज्या गावात राहतो तिथं विचारतात, आणि मला तीच धास्ती होती. वांगी आमच्या हातानं तोडलेली असतात, मेथीची जुडी आमच्या हातानं बांधलेली असते. कळलं तर कोण घेणार? पंगतीत शेजारी कोण बसणार? सगळं त्या एका गुपितावर तोलून धरलं होतं मी.

ताईचा फोन

एखाद्याला हा रोग निघाला की दवाखान्याचे लोक त्याच्या घरी जातात आणि घरातल्या सगळ्यांची अंगं तपासतात. चांगली पद्धत आहे. पण मला कोणी सांगितलं असेल तरी मी ऐकलं नव्हतं. आणि त्यांच्याजवळ पत्ता होता माझ्या बहिणीचा.

त्या दिवशी माझा फोन घरी चार्जिंगला होता. विमलताईनं केला, शोभानं उचलला. ताईचा आवाज असा की फोन नसता तरी अकोल्याहून ऐकू आला असता.

"शोभे, अवं दिनू कुठं हाये? माह्या घरी दवाखान्याचे चार जण येऊन बसले! म्हणते, दिनकर इथंच राह्यते, सगळ्यायनं चट्टे दाखवा! जावयासमोर, अवं! जावई शर्ट काढून उभा हाये माह्या अंगणात!"

मी शेतातून आलो तेव्हा शोभा ओट्यावर बसली होती. समोर माझं वेगळं ताट ठेवलेलं.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. सगळं सांगितलं. सांगताना मी जमिनीकडेच पाहत होतो. बोलणं संपलं. ती एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "मले वाटलं तुमची कोणी बाई हाये अकोल्यात!"

मला हसू फुटलं.

"हसू नका! चार महिने मी देवापाशी तिच्या मरणाचं मागून राहिली! दर महिन्याले नवा शर्ट घालून जाऊन राहिले, पोरीले सोबत नेऊन राहिले, घरी ताट वेगळं, अंथरूण वेगळं. काय समजाव मी?"

"तुले भेव नाही वाटत?" मी विचारलं. "रोगाचं?"

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "वाट्टे. खोटं कायले बोलू? पण थे सांगतलं असतं तं दोघं मिळून भेलो असतो. तुमी एकट्यानंच भेत बसले आन् मले त्या बाईसंग भांडाले सोडलं."

ताट तिनं उचलून बाकीच्या भांड्यांत टाकलं. तपासणीत तिच्या अंगावर काही निघालं नाही. प्राचीच्याही नाही, आणि त्या बिचाऱ्या जावयाच्या तर नाहीच. पण सांगतो, लगेच सगळं गोड झालं नाही. महिनाभर ती माझा हात लागला की क्षणभर थबकायची. तिला कळायचं, मलाही कळायचं, आणि दोघंही कळलं नाही असं दाखवायचो. रोज संध्याकाळी ती माझा हात कोमट पाण्यात भिजवायची, तेल लावून बोटं एकेक करून सरळ करायची. कधीतरी ते थबकणं थांबलं. नेमकं केव्हा, ते मला सांगता येणार नाही.

दोन बाजार

बारा महिने पूर्ण झाले. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर सही केली. "काका, तुम्हाला आता कुष्ठरोग नाही." घर सोडून कोणाला काही कळलं नव्हतं. ताईनं जावयाला गप्प केलं होतं. वळलेल्या बोटांचं मी गावात सांगितलं होतं, मोटारसायकलवरून पडलो. मी जिंकलो होतो.

तिवस्याच्या आठवडी बाजारात माझ्या शेजारी मीराबाई बसते. पंधरा वर्षांपासूनची शेजारीण. नवरा नाही, तोंड फटकळ, मन साफ. एकदा ती जुड्या बांधत होती. वांग्याच्या देठाचा काटा तिच्या बोटात शिरलेला होता, रक्त मेथीवर उतरत होतं, आणि ती गिऱ्हाइकाशी भाव करत होती. बाही वर सरकली. दंडावर फिकट चट्टा.

मी बघितलं आणि मान वळवली.

तो बाजार मी गप्प बसलो. पुढचाही. हे मला लिहायचं नव्हतं, पण शोभा म्हणाली, लिहायचं तर पूर्ण लिहा. मी दोन बाजार गप्प बसलो, कारण मी तिला सांगितलं असतं तर ती विचारणार होती, तुम्हाला कसं माहीत. त्या पंधरा दिवसांत मला रोज माझे गोळ्या बंद केलेले दहा दिवस आठवायचे. तिची दहाही बोटं अजून सरळ होती.

तिसऱ्या बाजारी तिच्या बोटात पुन्हा काटा शिरलेला होता. मी म्हटलं, "मीराबाई, तुमाले काटा रुतला हाये."

तिनं बोट पाहिलं. "हाव की! समजलंच नाही."

"दंडावर तो चट्टा कधीपासून हाये?"

"असन वर्षभर. सुरमा हाये थो."

"सुरमा नाही. दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोग असू शकते."

तिचा चेहरा बदलला. "तुमी कधीपासून डॉक्टर झाले? तोंडाले येईन थे बोलता! तुमाले काय मालूम?"

माझ्या पलीकडे मिरचीवाला बसला होता. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी माझा हात पुढं केला.

"मोटारसायकलवरून नाही पडलो मी. मले झाला होता. वर्षभर गोळ्या घेतल्या. आता नाही."

गिऱ्हाईक बाईनं हातातली माझी मेथीची जुडी खाली ठेवली आणि निघून गेली. मिरचीवाल्यानं खाली बघत मिरच्या सारख्या करायला घेतल्या. मीराबाईनं बाही खाली ओढली, आपलं पोतं उचललं आणि हातभर पलीकडे सरकून बसली. त्या दिवशी माझा माल जवळपास सगळा परत आला. शोभानं मेथीची भाजी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो, तर दारात मीराबाई. नवं लुगडं नेसलेली, डोळे सुजलेले.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? तुमीच तं सांगतलं. मी एकटी नाही जात."

आम्ही अमरावतीला गेलो. दवाखान्याच्या दारातच आमच्या गावचा एक ओळखीचा भेटला, म्हणाला, "दिनकरभाऊ, इकडं कसे?" मी म्हटलं, "चामडीच्या विभागात." आत खिडकीशी नाव लिहिणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "पेशंट कोण?"

मीराबाईच्या तोंडून शब्द फुटेना. पंधरा वर्षं बाजार डोक्यावर घेणारी बाई.

"आज या हायेत," मी म्हटलं. "मागच्या वर्षी मी होतो."

बाईंनी लिहून घेतलं आणि बाकड्याकडे बोट केलं. बाकडं भरलेलं होतं. मीराबाईला जागा मिळाली, तिच्या शेजारी वीतभर उरली. मी तिथं जेमतेम टेकलो, हात पोटाशी घेऊन, तिला माझा स्पर्श होणार नाही असा.

तिनं वळून पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच तिचा बाजारातला आवाज फुटला, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढा.

"सरका ना जी इकडं! आंग कायले चोरून राहिले?"

मी सरकलो.